पॅरिसची दिवेलागण

युरोपच्या कुठल्याही पॅकेज टूरची कार्यक्रमपत्रिका उघडा. त्यात पॅरिसच्या दिवसाखाली एक ओळ हमखास सापडते: संध्याकाळी सीन नदीवर क्रूझ, आयफेल टॉवरला भेट आणि रात्री रोषणाईतलं पॅरिस. कंपनी बदलते, हॉटेल बदलतं, पनीरची भाजी बदलते, पण ही ओळ बदलत नाही. ती इतकी ठरलेली आहे की ती कुणीतरी लिहिली असेल असं वाटतच नाही. पॅरिस म्हणजे हेच, मग दुसरं काय दाखवणार?

पण ही संध्याकाळ रचलेली आहे. तिला क्रम आहे, लय आहे, नायक आहे, शेवटी टाळ्या घेणारा प्रसंग आहे. म्हणून तिच्याकडे एखाद्या सिनेमासारखं पाहता येतं. यात काय ठेवलंय, काय कापलंय आणि कापणारा कोण, हे विचारता येतं.

आधी एक सोपी टीका बाजूला ठेवू. पॅकेज टूरवाल्यांना हसण्याची आपल्याकडे एक फॅशन आहे. आम्ही ट्रॅव्हलर, ते टुरिस्ट. आम्ही गल्लीबोळांतल्या कॅफेत बसतो, ते झेंड्यामागे पळतात आणि बसमध्ये ठेपले खातात. या हसण्यात बराचसा वर्गाचा माज आहे. बँकेतून किंवा शाळेतून रिटायर झालेलं जोडपं आयुष्यात एकदाच युरोपला जातं. भाषा येत नाही, गुडघे दुखतात, पैसे मोजून आणलेले असतात. अशांना एका तासात, बसल्या जागी, जगातलं एक अप्रतिम शहर दाखवणारी बोट ही मोठी सोय आहे. त्यांनी ठेपले खाल्ले म्हणून नोत्र दाम काही लहान होत नाही. तेव्हा प्रश्न पाहणाऱ्यांच्या लायकीचा नाही. त्यांना काय दाखवलं जातं, याचा आहे.

वरून

आयफेल टॉवरवर सर्वात चांगलं लिहिलं ते रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने, १९६४ साली. त्याच्या निबंधाची सुरुवात मोपासाँच्या किश्श्याने होते. या कथाकाराला टॉवर मुळीच आवडत नसे, तरी तो तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचा. कारण काय, तर अख्ख्या पॅरिसमध्ये टॉवर दिसत नाही अशी ती एकच जागा!

किस्सा गमतीचा आहे, पण मोपासाँचा राग खरा होता. १४ फेब्रुवारी १८८७ रोजी 'ल ताँ' या दैनिकात टॉवरविरोधात कलावंतांचं निषेधपत्र छापून आलं. सही करणाऱ्यांत मोपासाँ होता, संगीतकार गुनो होता आणि पॅरिसचं ऑपेरागृह बांधणारा वास्तुविशारद गार्निएही होता. टॉवर उभा राहिला १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, परवानगी होती वीस वर्षांची. पुढे रेडिओच्या प्रयोगांसाठी एवढी उंच जागा उपयोगी पडली आणि लोखंडाचा सांगाडा मोडीत जाण्यापासून वाचला. आज जे पॅरिसचं सार म्हणून विकलं जातं, ते कधीकाळी पॅरिसचं विद्रूपीकरण मानलं गेलं होतं.

बार्थचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवरकडे पाहिलं की ती एक वस्तू असते. वर चढलं की तीच नजर होते आणि मग पॅरिस ही वस्तू होते. हे पटतं, पण त्यात उंचीचा हिशेब घालायला हवा. टॉवरला तीन मजले आहेत: साधारण ५७, ११६ आणि २७६ मीटरवर. सगळ्यांना तिसरा हवा असतो, कारण 'टॉपला गेलो' असं स्टेटसला टाकता येतं. पण पाहण्यासाठी दुसराच मजला खरा. तिथून रस्त्यावरची झाडं, बस, छपरांवरची धुराडी ओळखता येतात. नदीवरचे पूल मोजता येतात. तिसऱ्यावर शहराचा नकाशा होतो, आणि नकाशा तर खिशातल्या फोनमध्येही आहे.

वरून दिसणाऱ्या शहराची एक अडचण मात्र दोन्ही मजल्यांवर सारखीच असते. सगळं दिसतं, पण कुठे काय घडलं ते कळत नाही.

सोनेरी रंग कुणाचा?

आपल्याकडच्या कित्येकांच्या मनात पॅरिसची संध्याकाळ पॅरिसला जाण्याआधीच तयार झाली, ती शक्ती सामंतांच्या 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस'मुळे. शम्मी कपूर, शर्मिला टागोर, साल १९६७. त्या पॅरिसच्या सिनेमाचा शेवट थेट नायगारा धबधब्यावर होतो, म्हणजे मूळ पॅकेजमध्येच भेसळ होती. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या सिनेमाच्या काळात आजचा सोनेरी टॉवर अस्तित्वातच नव्हता.

तेव्हा टॉवरवर बाहेरून प्रकाशझोत टाकले जात. पिएर बिदो नावाच्या प्रकाश-अभियंत्याने दिवे टॉवरच्या आत, खालून वर रोखून बसवले. त्यामुळे लोखंडाची जाळी आतून उजळल्यासारखी दिसू लागली. ही रोषणाई पहिल्यांदा लागली ३१ डिसेंबर १९८५ च्या रात्री. दर तासाला पाच मिनिटं टॉवर लुकलुकतो, ती वीस हजार बल्बांची करामत त्याहून नवी आहे; ती आली २००० साल साजरं करताना. त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ पासून काही वर्षं, याच टॉवरवर 'सित्रोएन' या मोटार कंपनीचं नाव दिव्यांनी झळकत होतं. म्हणजे टॉवर जुना आहे, पण आपण ज्याचा रील काढतो तो टॉवर बहुतेक वाचकांच्या आईवडिलांपेक्षा वयाने लहान आहे.

कायद्यालाही हा फरक कळतो. गुस्ताव आयफेल १९२३ साली वारला. टॉवरच्या आकारावर आता कुणाचा कॉपीराइट नाही, दिवसाचा फोटो कुणीही कसाही वापरावा. रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती मानली जाते. तिचा फोटो धंद्यासाठी वापरायचा असेल तर परवानगी लागते. तुमच्या घरगुती फोटोला कुणी अडवणार नाही, पण मुद्दा लक्षात घ्या. रात्रीचा आयफेल टॉवर कुणीतरी रचलेला मजकूर आहे, हे कायद्यानेच मान्य केलंय.

बिदोचं काम उत्तम आहे, यात वाद नाही. बाहेरच्या झोतात सपाट दिसणाऱ्या लोखंडाला त्याने खोली दिली. कशावर काय भार पेललाय ते रात्री दिवसापेक्षा स्पष्ट दिसतं. चांगली समीक्षा मूळ कृतीसाठी जे करते, तेच या दिव्यांनी टॉवरसाठी केलं. लुकलुकणाऱ्या बल्बांबद्दल तसं म्हणता येत नाही. ते गणपतीच्या मखराला शोभतात. ते लागले की लोखंड दिसेनासं होतं, नुसता झगमगाट उरतो आणि समोरच्या मैदानावर हजारो फोन एकदम वर होतात.

खालून

आता बोट. साधारण एक तासाची फेरी असते. टॉवरच्या परिसरातून निघायचं, पूर्वेकडे बेटांपर्यंत जायचं, वळसा घालून परतायचं. वाटेत १९०० सालचा अलेक्झांडर तिसरा पूल, लूव्र, नोत्र दाम. 'पाँ नफ' म्हणजे 'नवा पूल'. तो १६०७ मध्ये पूर्ण झाला आणि शहरातला आज उभा असलेला सर्वात जुना पूल तोच आहे. ध्वनिमुद्रित आवाज एकामागून एक भाषांत माहिती सांगत राहतो. आपली भाषा येईपर्यंत इमारत मागे गेलेली असते.

तरीही बोट टॉवरपेक्षा श्रेष्ठ आहे, असं मला वाटतं. टॉवरवर आपण शहराच्या डोक्यावर उभे असतो. बोटीत शहर आपल्या डोक्यावर असतं. पुलाखालून जाताना दगडाचा गारवा अंगावर येतो. काठावर पाय सोडून बसलेली पोरं हात हलवतात. शहरात माणसं राहतात, हे तिथे कळतं.

पण बोटीची खरी भाषा तिच्या दिव्यांची आहे. अंधार पडल्यावर मोठ्या पर्यटक बोटी स्वतःचे प्रखर झोत काठांवर टाकत जातात. भिंती उजळतात, झाडं उजळतात, काठावरच्या घरांची छतंही उजळतात. झोत जिथे पडतो ते प्रेक्षणीय. जिथे पडत नाही, ते नसल्यात जमा.

बेटाजवळ सँ-मिशेल नावाचा पूल आहे. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसमधले हजारो अल्जीरियन लोक, फक्त त्यांच्यावरच लादलेल्या संचारबंदीविरुद्ध, शांततेने रस्त्यावर उतरले. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा चालू होतं. पोलीस त्यांच्यावर तुटून पडले. अनेकांना मारून, काहींना जिवंतच, याच सीन नदीत फेकण्यात आलं. सरकारी आकडा कित्येक वर्षं अवघ्या दोन-तीनवर अडकला होता. इतिहासकार डझनावारी, काही तर दोनशेच्या घरात बळी सांगतात. पुलाजवळ स्मृतिफलक लागला तो चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये. फलक रस्त्याच्या पातळीवर आहे. बोटीतून तो वाचता येत नाही.

याच बेटाच्या पूर्व टोकाला, नोत्र दामच्या मागे, आणखी एक जागा आहे. नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समधून छळछावण्यांत पाठवलेल्या दोन लाख माणसांचं स्मारक, १९६२ साली उघडलेलं. ते जमिनीखाली बांधलंय. आत उतरलं की शहर दिसेनासं होतं. उरतं आभाळ आणि गजांआडून दिसणारं पाणी. एका अरुंद बोळात दोन लाख काचमणी आहेत, प्रत्येकातून उजेड येतो, प्रत्येक माणसामागे एक. नदीवरून मात्र दिसते फक्त एक बुटकी भिंत आणि काळे गज. क्रूझच्या वेळेपर्यंत स्मारकाचं दार बहुतेक बंद झालेलं असतं.

या दोन जागांना जोडणारा एक माणूस आहे, मोरिस पापाँ. १९६१ मध्ये पॅरिसचा पोलीसप्रमुख तोच होता. दुसऱ्या महायुद्धात बोर्दोमध्ये अधिकारी असताना ज्यूंना छावण्यांकडे धाडण्यातही त्याचा हात होता. त्याबद्दल त्याला १९९८ साली शिक्षा झाली. पूल आणि स्मारक यांत पायी दहा मिनिटांचं अंतर आहे, आणि मधोमध उभं आहे नोत्र दाम. बोटीतले सगळे फोन त्या वेळी तिकडेच वळलेले असतात.

मग काय, अश्रू ढाळत क्रूझ करायची?

नाही. कुणी आयुष्यभराची पुंजी खर्चून आनंदासाठी आलं असेल, तर त्याला प्रत्येक पुलावर अपराधी वाटायला लावणं हाही एक प्रकारचा माजच. आणि फ्रान्स काही हे सगळं लपवून बसलाय असंही नाही. फलक आहे, स्मारक आहे, खटला झाला. संध्याकाळच्या कार्यक्रमात मात्र यांपैकी कशालाच जागा नाही. शहराने जे लिहून ठेवलंय, ते पॅकेजने गाळलंय.

माझा आक्षेप या संपादनावर आहे. उत्तम रोषणाई लोखंडाची वीण दाखवू शकते, हे बिदोने सिद्ध केलं. मग संध्याकाळीही शहराची वीण दाखवता येईल. ध्वनिमुद्रणात दोन वाक्यं वाढवायला इंधन लागत नाही. 'या पुलापाशी १९६१ साली असं झालं' हे ऐकून कुणाची क्रूझ वाया जाणार नाही. आपल्याकडच्या प्रवाशांची तर नाहीच. वसाहतीचं राज्य आणि पोलिसांची लाठी म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आणि या ठरीव संध्याकाळीत एक फट आहेच. आपल्या टूर जातात शाळांच्या सुट्ट्यांत, मे-जूनमध्ये. तेव्हा पॅरिसमध्ये सूर्य मावळतो साडेनऊ-दहाच्या सुमारास. 'रात्रीचं पॅरिस' म्हणून विकलेली क्रूझ पुष्कळदा लख्ख उजेडात होते. लोक वैतागतात, दिवे कुठेत म्हणून मॅनेजरला विचारतात. खरं तर तीच वेळ सोडू नये. सूर्य गेलाय, बल्ब लागायचे आहेत. आपल्याकडे या वेळेला दिवेलागण असा सुंदर शब्द आहे. तेव्हा उजेड कुणाच्या मालकीचा नसतो. राजवाडा, पूल, शेवाळलेली भिंत, काळे गज, सगळ्यांवर सारखाच पडतो.

त्या अर्ध्या तासात फोन खिशात ठेवून काठाकडे पाहा. कुठलंही ध्वनिमुद्रण न सांगता एक प्रश्न आपोआप पडतो: ती बुटकी भिंत कसली? तो पडला, तर दुसऱ्या दिवशी बस सुटण्याआधी तिथे जाऊन येता येतं का, ते पाहा. स्मारकात जायला तिकीट लागत नाही.