'नो-कॅश' : एका संज्ञेचे अर्थांतर

सर्व्हरकडून आलेले कोणते प्रतिसाद ब्राउझरमधील उपयोजनाने जवळ साठवावे आणि कोणते साठवू नयेत, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तंत्राचा वाटतो. वस्तुतः त्याचा बराचसा भाग अर्थनिर्णयाचा आहे. सर्व्हर आपला अभिप्राय 'कॅश-कंट्रोल' या हेडरमधील दोन-चार शब्दांनी कळवितो. त्या शब्दांचा अर्थ चुकला म्हणजे निर्णयही चुकतो.

या दृष्टीने 'नो-कॅश' ही संज्ञा विचारणीय ठरते. एचटीटीपी १.१ ची नियमावली प्रथम १९९७ मध्ये आरएफसी २०६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. तीत या संज्ञेचा अर्थ शब्दाला धरून होता : असा प्रतिसाद कोठेही साठवू नये. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. साठविण्यास हरकत नाही; परंतु पुन्हा वापरण्यापूर्वी तो अद्याप ग्राह्य आहे किंवा नाही हे सर्व्हरला विचारावे, असा नवा अर्थ झाला. २०२२ च्या आरएफसी ९१११ नेही तोच कायम ठेवला आहे. साठवणीचा निषेध 'नो-स्टोअर' या निराळ्या संज्ञेकडे आहे. संस्कृतातील अध्ययनवाचक 'शिक्षा' हा शब्द मराठीत दंडवाचक झाला, त्याच जातीचे हे अर्थांतर होय. भेद इतकाच की, 'शिक्षे'चा नवा अर्थ लोकव्यवहारात रुळलेला आहे. 'नो-कॅश'चा अर्थ नियमावलीत बदलला, पण वाचणाऱ्याच्या मनात जुनाच राहिला.

याचे परिणाम दुहेरी आहेत. वृत्तपत्राच्या मुखपृष्ठासारखा प्रतिसाद 'नो-कॅश' म्हणून साठविला, तर 'ईटॅग' ही खूण पाठवून विचारणा करता येते. बदल नसल्यास सर्व्हर मजकुराविना ३०४ एवढेच उत्तर देतो. संज्ञेचा शब्दार्थ धरणारा उपयोजनकार ही सोय गमावतो. उलटपक्षी, बँकेतील शिलकीच्या तपशिलावर 'नो-कॅश' लिहून निश्चिंत झालेल्याचा तपशील ग्रंथालयातील सामायिक संगणकाच्या डिस्कवर राहू शकतो. तेथे 'नो-स्टोअर'च हवे. आणि तेवढ्याने गुप्ततेची पूर्ण हमी मिळत नाही, असे आरएफसी ९१११ स्वतःच बजावते.

'कॅश' या शब्दाचीही अशीच द्व्यर्थता आहे. सर्व्हिस वर्करला उपलब्ध असलेला कॅश हा ब्राउझरच्या नेहमीच्या कॅशहून वेगळा संग्रह आहे. त्यातील 'पुट' ही क्रिया 'नो-स्टोअर'ची दखल घेत नाही, ४०४ चे उत्तरही मुकाट्याने ठेवून घेते. 'ॲड' मात्र २०० ते २९९ या कक्षेबाहेरचा प्रतिसाद नाकारते. या संग्रहातील नोंदीला मुदतही नसते. उपयोजनाने काढेपर्यंत वा ब्राउझरने संग्रह रिकामा करेपर्यंत ती टिकते. अर्थात् येथे विवेकाचा सारा भार उपयोजनकारावर येतो.

जाणकारांना हा भेद ठाऊक असतो, असा आक्षेप संभवतो. परंतु संज्ञेची कसोटी अजाणत्याच्या वापरात लागते. नाव आता बदलणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक प्रतिसादापुरते तीन प्रश्न पृथक् विचारावे : तो साठवावा काय, न विचारता वापरावा काय, आणि तो कोणाच्या हाती पडू शकतो? 'कॅश करावे' या एका क्रियापदात हे तिन्ही प्रश्न कोंबले जातात, हेच गोंधळाचे मूळ आहे.