संगणकावरील एक युद्धखेळ व त्यांतील मराठे

इंग्लंडांतील क्रिएटिव्ह असेंब्ली या मंडळीनें इ. स. २००९ त प्रसिद्ध केलेला 'एम्पायर : टोटल वॉर' हा युद्धखेळ अकलूज मुक्कामीं एका तरुण स्नेह्यानें आम्हांस दाखविला. खेळाची चिकित्सा या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु बखर ज्यांच्या हातीं कधीं पडत नाहीं, तीं मुलें असल्या खेळांतून इतिहास शिकत आहेत. तेव्हां बखरीची कसोटी यासही लावणें प्राप्त आहे.

इंग्रज, फ्रेंच यांच्या बरोबरीनें मराठ्यांकडूनही खेळतां येतें, ही गोष्ट गौरवाची खरी. पण खेळाचा आरंभ इ. स. १७०० चा, आणि मराठ्यांस नांव दिलें आहे 'मराठा संघ'! त्या सालीं मार्चांत राजाराम छत्रपति सिंहगडावर वारले, एप्रिलांत सातारा आलमगिरानें घेतला. शिंदे-होळकरांचा उदयही ज्या वेळीं व्हावयाचा होता, त्या वेळीं संघ आणावा कोठून? एखादी शकावली चाळली असती तरी हा कालविपर्यास टळता.

याहून मोठा प्रमाद ऋतूचा आहे. खेळांत वर्षाच्या पाळ्या दोनच, उन्हाळा व हिंवाळा. पावसाळा मुळींच नाहीं. युरोपास तें शोभेल. आमच्याकडे दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा निघत व मृगाच्या सुमारास छावणीस परतत. खेळ ज्या सालीं सुरू होतो त्याच सालीं याच सोलापूर प्रांतीं, माणकांठच्या खवासपुरास, बादशहाची छावणी होती. ऑक्टोबरच्या आरंभीं रात्रीं माणेस अकस्मात् पूर आला. गलबला ऐकून मराठेच चालून आले असें वाटून बादशहा घाईनें उठला, तों अडखळून पडला व गुडघा निखळून जन्माचा लंगडा झाला. (दरबाऱ्यांनीं हा तैमूरलंगाचा वारसा ठरविला, हें त्यांच्या धंद्यास साजेसेंच.) खेळांतल्या माणेस पूर येणेंच शक्य नाहीं.

डिसेंबर १६९९ पासून चाललेला साताऱ्याचा वेढा सहा महिन्यांच्या एकाच पाळींत बसतो. ही सवलत खेळाची म्हणून आम्ही देतों. ऋतूची देत नाहीं. दोहोंच्या तीन पाळ्या केल्यानें खेळ बिघडता ना.

आमच्या स्नेह्यानें मराठ्यांची फौज घेऊन मोंगलांवर स्वारी केली. तोफखान्यासह ती एकाही उताराशीं न अडतां पुढें गेली. महिना कोणता, असें आम्हीं विचारलें. त्यानें पडद्याकडे पाहून सांगितलें, "उन्हाळा." हिशेबानें आषाढ-श्रावणही त्यांतच आले.