अक्काची तेरा भांडी

गेल्या पौषात नाशिकला अक्काकडे चार दिवस होतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती चाकावर भांडी करते, आणि त्या हिवाळ्यात तिने नक्षीचे काही नवे प्रकार करून पाहिले होते. “जगाच्या पुस्तकांवर लिहितोस, माझ्या भांड्यांवरही बोल की!” ती म्हणाली. पडवीत तेरा भांडी मांडलेली होती. बहिणीच्या कामाचे परीक्षण करण्याइतके अवघड काम नाही. पण भिडेखातर केलेली स्तुती तिने लगेच ओळखली असती.

पहिला प्रकार खरवडनक्षीचा. इटालियन लोक त्याला स्ग्राफितो म्हणतात. ओलसर भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा, तो आवळला की टोकदार काडीने खरवडून खालची तांबडी माती उघडी करायची. सारे काही वेळ साधण्यावर आहे. भांडे फार सुकले तर लेप एकटाच आकसतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. फार ओले असले तर रेघेच्या कडा फाटतात. वैशाखात ही वेळ बघता बघता निसटते, आषाढात ती लवकर येतच नाही, थंडीत मात्र बराच वेळ हाताशी राहते. या पाच भांड्यांवर तो निवांतपणा उतरला आहे. त्यांतल्या सुरईवरची रेघ मानेपाशी थोडी थरथरली आहे. ती पुसून न टाकता तशीच ठेवली, हे मला फार आवडले.

मेणाच्या नक्षीची चार भांडी नेटकी आहेत. मेण लावलेल्या जागी झिलई धरत नाही, भट्टीत मेण जळून जाते आणि उघडी माती उरते. ठिपके निम्मे असते तरी चालले असते.

राहिल्या चार ताटल्या. झिलईवर छापील फुलांचे कागद चिकटवून त्या सुमारे ८०० अंशांवर पुन्हा भाजल्या होत्या. मी म्हणालो, “फुले सुबक आहेत, पण ती चहाच्या डब्यावरही इतकीच शोभली असती.”

अक्का गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “हात कापतो रे आता. बारीक रेघ निघत नाही.”

म्हणजे ज्या रेघेची मी एवढी वाखाणणी केली होती, ती तिने ठेवलेली नव्हती. तिच्या हातून तशी झाली होती. मला काय बोलावे ते सुचेना. मग मी तिला आझमगड जिल्ह्यातल्या निझामाबादच्या काळ्या भांड्यांविषयी सांगितले. तेथले कारागीर काडीने वेलबुट्टी कोरतात, भाताच्या तुसाच्या कोंडलेल्या धुरात भांडे काळे करतात आणि त्या खाचांत जस्त-पाऱ्याची चंदेरी पूड चोळतात. ती रेघ डोळ्यांइतकीच बोटालाही कळते. जाड काडीने कोर, असे मी सुचवले. छापील फुलांविषयीचे माझे मत आजही तेच आहे, आणि सुरईविषयीचेही.

निघताना मी सुरई मागितली. अक्काने जुन्या वर्तमानपत्रात ताटली बांधून दिली.