‘३६’ आला, पण कुठल्या रबरानं?

एम.टेक.च्या एका मुलानं परवा प्रबंधाचा मसुदा वाचायला दिला. विषय झकास: ओल्या फरशीवर पाय घसरण्याची शक्यता. आलेख नीट, तक्ते नीट. पद्धतीच्या प्रकरणात मात्र उपकरणाबद्दल एकच वाक्य होतं: ‘चाचण्या पेंड्युलम टेस्टरवर एएसटीएम ई ३०३ प्रमाणे केल्या, उपकरण कॅलिब्रेटेड होतं.’ आणि निष्कर्ष असा की सगळी मूल्यं ३६ च्या वर आहेत, म्हणून फरशी सुरक्षित.

या दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नाही. असे प्रबंध मी आता बरेच वाचलेत, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी कुणी सिव्हिल किंवा मटेरियल्समध्ये संशोधनाला लागणार असाल, तर कधी ना कधी हे यंत्र हातात येईलच.

आधी यंत्र. एक दांडा आडव्या स्थितीतून सुटतो, खाली झोका घेतो आणि तळाशी लावलेली रबराची पट्टी ओल्या फरशीवरून साधारण १२५ मिलिमीटर घासत जाते. घर्षणात जेवढी ऊर्जा जाते तेवढा दांडा पलीकडे कमी चढतो. तो कुठवर चढला हे काटा दाखवतो. मूळ कल्पना अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या पर्सी सिगलर यांची, १९४० च्या दशकातली, आणि तीही फरशीसाठीच होती. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं ती पुढे रस्त्यांकरता सुधारली. आपल्याकडे १९६३ च्या आयएस २३८६ च्या चौथ्या भागात खडी किती गुळगुळीत होते ते तपासायला हाच लोलक वापरलाय. म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये हे यंत्र बहुतेक वेळा ट्रान्सपोर्टेशनच्या कपाटात सापडतं आणि त्याच्यासोबत रस्त्यांच्या सवयीही येतात.

गोची इथेच आहे. एएसटीएम ई ३०३ हे मूळ रस्त्याच्या वळणाचं मानक. त्यात नवी पट्टी तयार करायची ती ६० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडच्या खरखरीत कापडावर दहा कोरडे झोके देऊन. ३६ हा आकडा ब्रिटिश पद्धतीतला: २४ पर्यंत घसरण्याची शक्यता जास्त, २५ ते ३५ मध्यम, ३६ पासून पुढे कमी. तिथे पट्टी आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासतात आणि मग गुलाबी रंगाच्या, ३ मायक्रॉनच्या लॅपिंग फिल्मवर ओली फिरवतात, म्हणजे कड गुळगुळीत होते. आठ झोके घेतात, त्यातले पहिले तीन सोडून देतात.

खरखरीत कडेचं रबर गुळगुळीत ओल्या टाइलवर पाणी कापत जातं आणि आकडा वर दाखवतं. गुळगुळीत कडेखाली पाण्याचा थर टिकतो, आकडा खाली येतो. चपलेचा झिजलेला तळवा या दुसऱ्या रबराच्या जवळचा. तेव्हा एका पद्धतीनं मोजायचं आणि दुसऱ्या पद्धतीची रेषा लावायची, हे शेरानं दूध मोजून किलोचा भाव लावण्यासारखं झालं. त्यातही चूक होते ती नेमकी धोकादायक बाजूला: घसरडी फरशी पास होते.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याकडे लॅपिंग फिल्म संपली होती. ती बाहेरून मागवावी लागते, आणि खरेदीचं कागदपत्र म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. मी पॉलिश पेपरवर भागवलं. एका जिन्याच्या पायऱ्यांची मूल्यं रेषेच्या वर आली, तसा अहवालही दिला. फिल्म आल्यावर सहज म्हणून त्याच पायऱ्या पुन्हा तपासल्या तर निम्म्याहून जास्त रेषेखाली. अहवाल परत मागताना जी लाज वाटली ती कुठल्याही व्हायव्हात वाटायची नाही.

आता ‘कॅलिब्रेटेड होतं’ या शब्दांकडे वळू. ब्रिटिश मानक बीएस ७९७६ चे २००२ साली तीन भाग होते: यंत्र कसं असावं, कसं चालवावं, कॅलिब्रेशन कसं करावं. २०२१ मध्ये त्याच्या जागी ईएन १६१६५ आलं. त्यात दोन प्रकारचे उताराचे रॅम्प, लोलक आणि ओढून नेण्याचं ट्रायबोमीटर, अशा चार पद्धती एका पुठ्ठ्यात बांधल्यात. माझी तक्रार या बांधणीबद्दल आहे. चारही परिशिष्टं शेजारी बसली की वाचणाऱ्याला वाटतं, एकाचा आकडा दुसऱ्यात बदलता येत असेल. तसं गणित नाही. पण लोलकाच्या परंपरेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते: ठरावीक पृष्ठभागांवर रोजची पडताळणी. लॅपिंग फिल्म, साधी काच आणि एक ठरलेली टाइल. या तिन्हींवरचे आकडे अपेक्षित पट्ट्यात आले तरच कामाला लागायचं.

वर्षातून एकदा मिळणारं प्रमाणपत्र दांड्याचं वजन, गुरुत्वमध्य आणि पट्टीवरचा स्प्रिंगचा दाब याबद्दल बोलतं, आणि तेही त्या दिवसापुरतंच. दाब साधारण अडीच किलोचा असतो. ती स्प्रिंग घरी खोलायची नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

शून्याची तपासणीही पुरत नाही. दांडा हवेत मोकळा सोडला की काटा शून्यावर यायला हवा. नाही आला तर काट्याच्या घर्षणाच्या कड्या घट्ट किंवा सैल करायच्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण समजा, बेअरिंगमध्ये धूळ गेलीय. दांडा कमी चढतो, काटा शून्याआधीच थांबतो, तुम्ही कड्या सैल करता आणि शून्य परत येतं. बेअरिंग मात्र तसंच. एका दोषावर दुसरा दोष चढवून मिळालेलं ते शून्य असतं. म्हणून कड्या किती वेळा आणि कुठल्या बाजूला फिरवल्या हे वहीत लिहा. महिनाभर एकाच बाजूला फिरत असतील तर यंत्र सर्व्हिसिंगला पाठवायची वेळ झाली.

आणि तेल घालू नका! कोल्हापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं. उद्यमनगराच्या सावलीत वाढलेल्या माणसाला कुरकुर ऐकली की हात तेलाच्या बुधलीकडे जातो. आमच्या एका मित्रानं प्रेमानं काट्याजवळ एक थेंब सोडला. काट्याला धरून ठेवणारं घर्षणच गेलं आणि काटा शून्याच्या पलीकडे धावायला लागला.

उरलं रबर. दोन पट्ट्या प्रामुख्यानं वापरात आहेत: बूट-चपलेसाठी ९६ नंबरची आणि अनवाणी पायासाठी मऊ ५५ ची. नंबर म्हणजे रबराचा कठीणपणा. अंबाबाईच्या देवळातल्या दगडी फरशीवर पावसाळ्यात लोक अनवाणी चालतात. तिथे ९६ ची पट्टी लावून मोजलंत तर वेगळ्याच पायाचं उत्तर मिळेल. शिवाय रबर तापलं की आकडा घसरतो. रस्त्यांच्या युरोपीय मानकात, ईएन १३०३६-४ मध्ये, त्यासाठी २० अंशांच्या आसपास शून्य धरून दुरुस्तीचा तक्ताच दिलाय. एप्रिलच्या दुपारी पंचगंगेच्या घाटावर मोजायला जाणाऱ्यानं पाण्याचं आणि पृष्ठभागाचं तापमान लिहिलंच पाहिजे. पट्टी जुनी झाली की कडक होते, म्हणून तिची तारीखही.

त्या मुलाला मी मसुदा परत दिला तो एकाच प्रश्नासह: पट्टी कुठली, आणि ती कशावर घासली होती? त्याला आठवेना. लॅबमध्ये वहीच नव्हती. पट्टीची कड भिंगाखाली बघितली तर गोल झालेली होती आणि शेजारचा पॉलिश पेपर मधोमध टक्कल पडल्यासारखा झिजलेला. आता तो नव्या पट्टीनं सगळ्या जागा पुन्हा मोजतोय. पहिल्या चारांपैकी दोन ३६ च्या खाली आल्यात, आणि गाईडना हे कसं सांगायचं यावर आमची चहावर चर्चा चालू आहे.