मेडिकेडमधील स्थानिक हिस्सा : न्यूयॉर्कच्या व्यवस्थेची चिकित्सा

संघराज्यात वरिष्ठ शासनाकडून मिळणाऱ्या साहाय्याचा विचार करताना ते किती मिळते एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या जोडीला द्यावयाचा हिस्सा अखेर कोणत्या कोशातून जातो, हेही पाहावे लागते. अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेली, गरिबांच्या औषधोपचाराचा खर्च उचलणारी मेडिकेड योजना या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या योजनेतील संघशासनाचा वाटा राज्याच्या दरडोई उत्पन्नावरून ठरतो. राज्य जितके निर्धन, तितका हा वाटा अधिक. मात्र तो ५० टक्क्यांहून कमी व ८३ टक्क्यांहून अधिक असत नाही. न्यूयॉर्क हे संपन्न राज्य असल्यामुळे सर्वसाधारण खर्चासाठी त्याला किमान दरच लागू होतो. उरलेल्या रकमेपैकी निदान ४० टक्के राज्याने स्वतः द्यावी व बाकीची स्थानिक शासनांकडून घ्यावी, अशी मुभा कायद्यात आहे. न्यूयॉर्कने या मुभेचा उपयोग इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक प्रमाणात केला आहे.

या व्यवस्थेतील पहिला दोष येथेच आढळतो. ऐपतीनुसार भार, हे सूत्रामागील तत्त्व राज्याच्या सीमेपाशीच थांबते. मॅनहॅटनच्या संपत्तीमुळे राज्याची सरासरी वाढते आणि कॅनडाच्या सरहद्दीवरील सेंट लॉरेन्ससारखी सामान्य उत्पन्नाची काउंटीही त्याच सरासरीने मोजली जाते. शिवाय तिचा हिस्सा मुख्यतः मालमत्ता कर व विक्री कर यांतून यावयाचा. योजनेचे लाभ व पात्रता ठरविण्याचा अधिकार मात्र तिला नाही.

राज्यशासनाने हा भार हलका करण्याचा प्रयत्न केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ च्या कायद्याने स्थानिक हिश्शाच्या वाढीस मर्यादा घातली. २०१२ च्या निर्णयानुसार ही वाढ क्रमाने कमी होऊन २०१५ पासून पूर्णपणे थांबली. तेव्हापासूनची सर्व वाढ राज्य सोसत आहे. परंतु गोठविलेल्या हिश्शाचा पाया २००५ सालचा खर्च हा आहे. त्या वर्षी जिचा खर्च अधिक होता, त्या काउंटीची लोकसंख्या पुढे घटली तरी तिचा मूळ भार कायम राहतो. म्हणजे वाढीबरोबर जुनी विषमताही गोठली.

खरा वाद २०२३ मध्ये उद्भवला. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यान्वये मिळणाऱ्या वाढीव साहाय्यातील काही भाग त्यापूर्वी काउंट्यांना दिला जात असे. तो यापुढे राज्याच्याच कोशात ठेवण्याचे धोरण राज्यशासनाने स्वीकारले. वाढता खर्च राज्य उचलते, तेव्हा वाढीव साहाय्यही त्याचेच, हा त्यामागील युक्तिवाद होय. तो वरवर समतोल भासतो. तथापि अवलंबून अपत्ये नसलेल्या अनेक गरीब प्रौढांना न्यूयॉर्कने २०१० पूर्वीच योजनेत घेतले होते व त्यांच्या खर्चात काउंट्यांचाही पैसा होता. वाढीव साहाय्याचा एक भाग या जुन्या खर्चालाच उतारा म्हणून आला. ज्यांनी तो खर्च सोसला, त्यांचा त्या उताऱ्यावर काहीच हक्क नाही, हे तर्काला धरून नाही.

स्थानिक संस्थांकडून पूर्वीपेक्षा अधिक टक्केवारी मागणाऱ्या राज्यास वाढीव साहाय्य मिळू नये, अशी तरतूद २०१० च्या कायद्यात आहे. पण तिचा रोख भाराच्या प्रमाणावर आहे. साहाय्याचा लाभ खाली किती पोहोचावा, याचा स्पष्ट दंडक ती घालून देत नाही. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या विधेयकात न्यूयॉर्कमधील काउंट्यांना या हिश्शातून मुक्त करण्याचे कलम होते. परंतु त्यातून न्यूयॉर्क नगर वगळलेले असल्यामुळे तत्त्व म्हणून ते टिकणारे नव्हते. सिनेटमध्ये तो प्रयत्न फसलाही.

सारांश, निर्णयाचा अधिकार राज्याकडे असेल तर संघेतर खर्चाचे दायित्वही त्यानेच क्रमशः स्वीकारणे युक्त होय. तोवर स्थानिक हिस्सा घ्यावयाचाच असेल, तर तो काउंटीच्या आजच्या ऐपतीवरून ठरावा आणि साहाय्यातील वाटा कायद्याने निश्चित व्हावा. यांपैकी काहीच न करता केवळ वाढ रोखल्याने भाराची मर्यादा ठरते. त्याची न्याय्यता सिद्ध होत नाही.