माशांचा हिशेब खोऱ्याने मांडा

धरणामुळे होणाऱ्या मत्स्यहानीची भरपाई म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडतात. हा उपाय अपुरा आहे. सोडले जाणारे कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांनी उत्पादन वाढेल, पण स्थानिक माशांचा अधिवास परत येणार नाही.

वैतरणा नदीच पाहा. मुंबईच्या पाण्यासाठी तिच्यावर मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३) व मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली. वलगणीचे मासे उन्हाळा डोहात काढतात आणि पहिल्या पावसात ओढ्यांनी वर चढून उथळ पाण्यात अंडी घालतात. डोह, वाट आणि ओढा यांपैकी एक जरी तुटला, तरी बाकीचे दोन राखून उपयोग नाही. आपल्याकडे मात्र धरण, जंगल आणि मासे तीन वेगळ्या खात्यांकडे!

तालुकावार आराखडाही पुरत नाही. जव्हार-मोखाड्यातली वाघ नदी दमणगंगेला मिळते, तर पिंजाळ वैतरणेला. वांगणीसारख्या गावातील विद्यार्थ्यांनी आपल्या ओढ्याचे पाणी नकाशावर समुद्रापर्यंत शोधावे आणि वाटेतले बांध मोजावेत. मत्स्यबीजाच्या आकड्यांत न दिसणारी नदी तिथे दिसेल.