संच पहिल्या धड्यात, सांख्यिकी शेवटच्या

महाराष्ट्रात २०१७ साली नववीसाठी गणिताचे जे पाठ्यपुस्तक आले, त्याच्या पहिल्या भागात सात प्रकरणे आहेत. पहिले प्रकरण ‘संच’ आणि सातवे, म्हणजे शेवटचे, ‘सांख्यिकी’. या दोन प्रकरणांच्या चुका काढण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. भाषा सोपी आहे, वेन आकृत्या आहेत, सोडवण्यास उदाहरणेही पुरेशी आहेत. आमची तक्रार आहे ती या दोन प्रकरणांमधील अंतराबद्दल. पहिल्या प्रकरणात विद्यार्थी उपसंच, विश्वसंच, छेद, संयोग हे शब्द शिकतो. सातव्या प्रकरणात तो वारंवारता सारणी करतो. मध्य, मध्यक आणि बहुलक काढतो. परंतु पहिल्या प्रकरणातील भाषा सातव्या प्रकरणात कामाला लागलेली दिसत नाही. दहावीच्या संभाव्यतेत नमुना अवकाश हा संच म्हणून आणि घटना हा त्याचा उपसंच म्हणून भेटते, तेवढाच काय तो अपवाद.

आमच्या मते हा केवळ मांडणीचा प्रश्न नाही. सांख्यिकीतील बहुतेक मोठ्या चुका आकडेमोडीत होत नाहीत, त्या ‘कोणाला मोजले?’ या प्रश्नात होतात. आणि तो प्रश्न संचाचा आहे.

संच शाळेत आला तो कसा?

गेऑर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने १८७४ पासून अनंत संचांचा अभ्यास सुरू केला, तो शाळेतील मुलांसाठी नव्हता. सर्व नैसर्गिक संख्या आणि सर्व वास्तव संख्या, दोन्ही अनंतच. तरी दुसरा अनंत पहिल्याहून मोठा, हे त्याने दाखवले. इंग्लंडमधील जॉन वेन यांनी आपल्या आकृत्या १८८० साली मांडल्या, त्या तर्कशास्त्रासाठी. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिकेला आपले विज्ञानशिक्षण मागे पडल्याची धास्ती वाटली आणि ‘नवे गणित’ नावाची लाट आली. तिच्याबरोबर संच शाळेत शिरला. पुढे ही लाट आपल्याकडेही पोहोचली.

तिच्यावर टीकाही लगेच झाली. पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्निया राज्यासाठी गणिताची पाठ्यपुस्तके तपासली आणि १९६५ साली त्यावर लेख लिहिला. त्यांचा एक मुद्दा असा होता की पुस्तकांत संचांची चिन्हे आणि व्याख्या येतात, पण पुढे त्यांचा उपयोगच होत नाही. १९७३ साली मॉरिस क्लाइन यांनी या नव्या गणितावर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. दोघांची टीका आम्हांस पटते, पण त्यावरून ‘संच काढून टाका’ असे आम्ही म्हणणार नाही. हत्यार घरात आणलेच आहे, तर ते वापरावे.

साक्षर कोणाला म्हणावे?

संचाच्या धड्यात पहिली अट सांगितली जाते ती ही की घटक सुस्पष्ट हवेत. ‘वर्गातील हुशार मुले’ हा संच नाही, कारण हुशार कोण हे ज्याचे त्याने ठरवायचे. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत ‘संच नाही’ असे लिहितो आणि गुण मिळवतो. येथेच धडा थांबतो. सांख्यिकीचे काम मात्र येथूनच सुरू होते. संदिग्ध शब्दाचा सुस्पष्ट संच करणे, ही तिची पहिली पायरी आहे.

जनगणनेचे उदाहरण घ्या. ‘साक्षर’ हा शब्दही ‘हुशार’ इतकाच संदिग्ध आहे. सही येते तो साक्षर काय? वाचता येते पण लिहिता येत नाही तो? जनगणनेने नियम केला आहे: कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती साक्षर. झाला सुस्पष्ट संच. पण टक्केवारी काढायची तर विश्वसंचही ठरवावा लागतो. १९८१ च्या जनगणनेतील साक्षरता एकूण लोकसंख्येच्या प्रमाणात सुमारे ३६ टक्के भरते. १९९१ साली सात वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तीच हिशेबात धरल्या गेल्या आणि आकडा सुमारे ५२ टक्के आला. दहा वर्षांत सोळा टक्क्यांची उडी! पण १९८१ चा आकडा त्याच सात वर्षांवरील लोकांसाठी काढला, तर तो सुमारे साडेत्रेचाळीस येतो. म्हणजे खरी वाढ साडेआठच्या आसपास. उरलेली ‘प्रगती’ पाळण्यातील आणि बालवाडीतील मुलांना विश्वसंचातून वगळल्यामुळे झालेली. शिवाय १९८१ साली आसामात जनगणना होऊ शकली नव्हती आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये. विश्वसंच तेथेही बदलला.

कोणी फसवणूक केली असे नव्हे. सात वर्षांखालील मुलाला निरक्षर म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून नवी पद्धत अधिक योग्यच आहे. पण दोन आकडे शेजारी ठेवताना छेदस्थानी कोण आहे हे पाहिले पाहिजे. ही सवय नववीत लागू शकते.

सात, सात आणि आठ

दोन प्रकरणे वेगळी ठेवल्याने एक गोंधळही तसाच राहतो. तीन विद्यार्थ्यांना ७, ७ आणि ८ गुण मिळाले. संचाच्या धड्यात मुलगा शिकला आहे की घटक पुन्हा लिहायचा नाही. म्हणून गुणांचा संच ७ आणि ८ एवढाच. याचा मध्य साडेसात. सांख्यिकीच्या धड्यानुसार मध्य २२ भागिले ३, म्हणजे सुमारे ७.३३. खरे कोणते? एखाद्या चौकस मुलीने हे विचारले, तर पुस्तकात उत्तर शोधावे लागेल.

उत्तर अवघड नाही. सांख्यिकीत आपला संच गुणांचा नसून विद्यार्थ्यांचा असतो. विद्यार्थी तीन आहेत, वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाला एक संख्या जोडलेली आहे. दोघांना एकच संख्या मिळाली म्हणून ते दोघे एक होत नाहीत. एवढे सांगितले की ‘वारंवारता’ या शब्दाचा अर्थही उलगडतो: सात गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपसंचात किती घटक आहेत, ती वारंवारता.

वर्गांतरांचेही तसेच. असमावेशक पद्धतीत १०-२० आणि २०-३० असे वर्ग असले, तर २० ही संख्या दुसऱ्या वर्गात घालायची, असा नियम मुले घोकतात. का, ते कोणी विचारत नाही. वर्ग हे विभक्त संच हवेत आणि सर्व वर्गांचा संयोग म्हणजे संपूर्ण सामग्री हवी. कोणी दोनदा मोजला जाऊ नये आणि कोणी सुटू नये, म्हणून. पहिल्या प्रकरणातील ‘विभक्त’ या शब्दाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सिंगूरची दोन वर्तुळे

दोन संचांच्या संयोगातील घटकसंख्येचे सूत्र आपण चहा पिणारे आणि कॉफी पिणारे यांच्यावर शिकवतो. इतके विद्यार्थी चहा पितात, इतके कॉफी, इतके दोन्ही, तर काहीच न पिणारे किती? या गणितात वर्गातील एकूण मुले आधीच दिलेली असतात. खऱ्या जगात तीच माहिती नसते.

कलकत्त्याजवळ सिंगूर येथे १९४७ साली हाच प्रश्न होता. तेथील जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद अपुरी होती, हे सर्वांना ठाऊक होते. किती अपुरी, हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून घरोघर जाऊन दुसरी यादी करण्यात आली. तीही अपुरीच असणार. या दोन अपुऱ्या याद्यांवरून खरी संख्या कशी काढावी, याची रीत सी. चंद्रशेखर आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली.

सोपे कल्पित आकडे घेऊ. सरकारी यादीत ८० जन्म, घरोघरच्या यादीत ९०, आणि दोन्ही याद्यांत सापडलेले ६०. वेन आकृती काढा. फक्त पहिल्यात २०, फक्त दुसऱ्यात ३०, छेदात ६०, संयोग ११०. दोन्ही वर्तुळांच्या बाहेर किती? आता विचार असा करायचा: घरोघरच्या यादीतील ९० पैकी ६० सरकारी नोंदीत सापडले, म्हणजे सरकारी नोंद दोनतृतीयांश जन्म पकडते. ती सर्वच जन्मांपैकी दोनतृतीयांश पकडत असेल, तर ८० हे एकूण जन्मांचे दोनतृतीयांश झाले आणि एकूण जन्म १२०. म्हणजे कोणत्याच यादीत नसलेले १०. हीच संख्या २० आणि ३० यांच्या गुणाकाराला ६० ने भागूनही येते.

जे कोणीच पाहिले नाहीत, त्यांची संख्या सांगता आली! अर्थात दोन अटी आहेत. एकाच जन्माच्या दोन नोंदी अचूक जुळवल्या पाहिजेत आणि दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. आडरानातील झोपडीकडे दोन्ही यादीवाले फिरकत नसतील, तर १० हा अंदाज कमी पडेल. चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी याचाही विचार केला होता. लोकसंख्येचे लहान, एकजिनसी गट पाडून प्रत्येकासाठी वेगळा अंदाज काढावा, असे त्यांनी सुचवले. हे सारे नववीच्या मुलाला समजते. यात लागते ती एक वेन आकृती आणि त्रैराशिक.

कोरड्या विहिरी

दुसऱ्यांच्या पुस्तकावर टीका करताना आमची स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजत होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्यापुढे ते विशेषतः तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते. आकडे थोडे सोपे करून देतो. डिसेंबरात ४० विहिरींची सरासरी ४८ आली, मे महिन्यात ४२. उन्हाळ्यात पाणी मर्यादेखाली येते, असे आम्ही अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिले आणि गावात वाचून दाखवले.

एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, “साहेब, मे महिन्यात आमच्या दहा विहिरी कोरड्या पडतात. त्यांचं पाणी तुम्ही कुठून आणलंत?”

आणले नव्हतेच. मे महिन्याची सरासरी ३० विहिरींची होती. त्या दहा उथळ विहिरींची डिसेंबरमधील सरासरी ७८ होती आणि उरलेल्या तीस खोल विहिरींची ३८. सर्वांत दूषित दहा विहिरी संचातून गेल्या, म्हणून सरासरी उतरली. त्याच तीस विहिरी पाहिल्या तर ३८ वरून ४२, म्हणजे पाणी बिघडले होते आणि मर्यादेच्या जवळ आले होते. आमचा निष्कर्ष बरोबर उलटा होता. तो तसाच छापला गेला असता, तर उन्हाळ्यात पाणी तपासण्याची गरज नाही, असे गावाने समजणे स्वाभाविक होते.

आमची आकडेमोड अचूक होती. आमच्याकडे पदव्या होत्या, संगणक होता. गुरुजींनी विचारलेला प्रश्न मात्र नववीच्या पहिल्या प्रकरणातील होता: हे दोन संच समान आहेत का?

मग वर्गात काय करावे?

मध्य काढण्याच्या थेट, गृहीत मध्य आणि मध्यप्रमाण विचलन अशा तीन रीती दहावीत शिकवल्या जातात. तिन्हींचे उत्तर एकच येते. हातांनी मोठमोठे गुणाकार करण्याच्या काळात त्या सोयीच्या होत्या आणि त्या शिकवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण एकाच उत्तराच्या तीन वाटांना जितके तास मिळतात, त्यांतला एक तास ‘हा मध्य कोणाचा?’ या प्रश्नाला मिळावा. वेळ नाही, परीक्षेत हे विचारत नाहीत, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. म्हणून जादा धडा न मागता आम्ही एवढेच सुचवतो की सांख्यिकीचे प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. येथे विश्वसंच कोणता? प्रत्येक घटक एकदाच आणि एकाच वर्गात मोजला आहे का? दोन सरासऱ्यांची तुलना असेल, तर त्या एकाच संचाच्या आहेत का?

आणि एक प्रयोग. एक पानभर उतारा लिहून त्यात शुद्धलेखनाच्या मोजून चाळीस चुका पेरा. उताऱ्याच्या दोन प्रती करून दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळे बसवून चुका शोधायला सांगा. मग फळ्यावर दोन वर्तुळे काढून, दोघांनाही न सापडलेल्या चुका किती असाव्यात याचा अंदाज वर्गाकडून काढून घ्या. तुमच्याजवळ खरे उत्तर आहेच. बहुधा अंदाज थोडा कमी पडेल, कारण सोप्या चुका दोघांनाही सापडतात आणि अवघड चुका दोघांच्याही नजरेतून सुटतात. अंदाज का चुकला, हे मुलांनाच शोधू द्या. ते जे सांगतील, ते आम्हांलाही अवश्य कळवा.